एमटीपी : तीन अक्षरांची कुळकथा

अमरावतीत सरकारी दवाखान्याचं पाटीवरचं नाव सहसा कुणी घेत नाही. जिल्हा सामान्य रुग्णालय म्हणजे ‘इर्विन’ आणि जिल्हा स्त्री रुग्णालय म्हणजे ‘डफरीन’. अकोल्याच्या स्त्री रुग्णालयाला अजूनही ‘लेडी हार्डिंग’च म्हणतात. व्हाइसरॉय गेले, त्यांची आणि त्यांच्या बायकांची नावं वऱ्हाडाच्या तोंडात राहिली. ‘डफरीनले नेलं’ म्हटलं की बाळंतपण, हे ऐकणाऱ्याला न सांगता कळतं. बाया तिथे आणखीही एका कामासाठी जातात. त्याला कुणी ‘क्युरेटिंग’ म्हणतं, कुणी ‘पिशवी साफ केली’ म्हणतं. फारच रोखठोक बाई असेल तर ‘पोट पाडलं’ म्हणून मोकळी होते. कागदावर मात्र तीनच अक्षरं येतात: एमटीपी.

ही अक्षरं इंग्रजी असली तरी त्यांच्यामागच्या वादाचा एक जुना धागा वऱ्हाडातूनच जातो. 1881 साली सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला नवजात बाळाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे फाशी टळली, पण वर्तमानपत्रांना तोवर बायकांच्या नीतीवर लिहायला विषय मिळाला होता. पुण्याच्या एका पत्रातला तसला मजकूर वाचून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे खवळल्या. सरकारी कचेरीतल्या कारकुनाची ही मुलगी. 1882 साली तिचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापून आलं. विधवेला कोर्टात उभं करताय, तर तिला या दशेला आणणारा पुरुष कुठे आहे, असा तिचा रोख होता. तो प्रश्न तेव्हाच्या कायद्यालाही लागू होता. 1860 च्या दंडसंहितेचं 312 वं कलम गर्भपात करणाऱ्याला तर धरायचंच, पण स्वतःचा गर्भ पाडणाऱ्या बाईलाही धरायचं. बाईचा जीव वाचवण्यासाठी केलेला गर्भपात तेवढा वगळला होता. पुरुषाचा त्या कलमात पत्ता नव्हता.

हे कलम शंभर वर्षं जागचं हललं नाही. हललं ते लोकसंख्येच्या काळजीनं. 1964 साली केंद्र सरकारनं एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष शांतिलाल शहा हे तेव्हा महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते. डिसेंबर 1966 मध्ये अहवाल आला. देशाची लोकसंख्या पन्नास कोटी धरली, तर वर्षाला सुमारे 39 लाख गर्भपात मुद्दाम केले जात असावेत, असा समितीचा अंदाज होता. एवढे गुन्हे दरसाल होतात आणि खटले बोटावर मोजण्याइतके, मग तो कायदा कुणासाठी? काडी, जडीबुटी आणि अर्धवट सुईण यांच्या हाती सापडलेल्या बाईला निदान डॉक्टर तरी मिळावा, हा समितीचा हेतू. कुटुंबनियोजनाचं गणित शेजारी उभं होतंच, ते नाकारण्यात अर्थ नाही.

आता नावाची गंमत. इंग्लंडनं 1967 साली कायदा केला आणि त्याला सरळ ‘अबॉर्शन ॲक्ट’ म्हटलं. दिल्लीला एवढा सरळपणा झेपला नाही. 1969 साली राज्यसभेत विधेयक आलं ते ‘मेडिकल टर्मिनेशन ऑफ प्रेग्नन्सी’ या नावानं. ‘अबॉर्शन’मध्ये पाप आणि पोलीस दोन्ही ऐकू यायचे. ‘टर्मिनेशन’ म्हटलं की एखाद्या करारासारखं वाटतं, आणि पुढे ‘मेडिकल’ लावलं की जबाबदारी डॉक्टरवर. ऑगस्ट 1971 मध्ये कायदा झाला, 1 एप्रिल 1972 पासून लागू झाला. मराठीत आल्यावर मात्र लपवाछपवी टिकली नाही. लोकांनी त्याला ‘वैद्यकीय गर्भपात कायदा’ करून टाकलं आणि इंग्रजीनं झाकलेला शब्द पुन्हा उघड्यावर आला.

नावातली ही चतुराई कलमांतही उतरली. बाईला नको म्हणून गर्भ काढता येतो, असं कायदा कुठेच म्हणत नाही. डॉक्टरचं प्रामाणिक मत झालं तरच. मूळ कायद्यात बारा आठवड्यांपर्यंत एकाचं, विसापर्यंत दोघांचं मत लागायचं. गर्भनिरोधक साधन फसलं हे कारण चालायचं, पण ते ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ यांनी वापरलेलं असलं पाहिजे. हे शब्द बदलायला पन्नास वर्षं लागली. 2021 च्या दुरुस्तीनं तिथे ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ आणलं आणि काही गटांतल्या स्त्रियांसाठी मुदत चोवीस आठवडे केली. अविवाहित बाईला त्यातून वगळता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 29 सप्टेंबर 2022 ला सांगितलं.

अमेरिकेची गोष्ट याच्या उलट. तिथे 1973 साली न्यायालयानं हक्क दिला आणि तीनच वर्षांत हाइड दुरुस्तीनं गरिबांच्या सरकारी विम्यातून त्याचे पैसे काढून घेतले. 2009 साली ओबामांची आरोग्य सुधारणा याच मुद्द्यावर अडून बसली. कायदा मंजूर करून घ्यायला 2010 च्या मार्चमध्ये त्यांना वेगळा आदेश काढून केंद्राचा पैसा गर्भपाताला जाणार नाही अशी हमी द्यावी लागली. करदात्याचा पैसा की बाईचा हक्क, हे भांडण तिथे निवडणुका फिरवतं.

आपल्याकडे ‘एमटीपी’ शब्दानं ते भांडण उगवूच दिलं नाही. काम वैद्यकीय ठरलं, त्यामुळे डफरीनसारख्या सरकारी दवाखान्यात ते मोफत झालं आणि कर भरणाऱ्यानं हरकत घेतली नाही. कामगार स्त्रीला गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा मिळते. 1995 च्या दुरुस्तीनं वैद्यकीय गर्भपातही त्यात आला, तोही गाजावाजा न होता. आरोग्य सुधारणा म्हणून इथे गाजली ती राजीव गांधी जीवनदायी योजना. जुलै 2012 मध्ये पहिल्या आठ जिल्ह्यांत अमरावती होती, अकोला पुढच्या टप्प्यात आला. योजनेवर वाद झाले ते दवाखान्यांच्या यादीवर, शिधापत्रिकेच्या रंगावर. तिथे कुणी गर्भपाताचं नाव काढलं नाही.

पैशाचा नकार आहे, पण तो बारीक अक्षरांत आहे. विमा नियामकानं 2019 साली वगळलेल्या खर्चांची जी ठरावीक वाक्यं घालून दिली, त्यातलं अठरावं मातृत्वाचं. बाळंतपण, अपघाताविना झालेला गर्भपात आणि कायदेशीर वैद्यकीय गर्भपात हे सगळं एकाच ओळीत. जादा हप्ता भरून मातृत्वाचं संरक्षण घेतलेलं नसेल, तर संसदेनं कायदेशीर ठरवलेल्या गोष्टीचा खर्च बाईनं पदरचा करायचा. त्यावर सभागृहात कधी घोषणा झाल्या नाहीत. एजंट पान उलटतो, एवढंच.

घोषणा झाल्या त्या दुसऱ्या कायद्यावर. गर्भलिंग तपासणीला आवर घालणारा पहिला राज्य कायदा महाराष्ट्राचाच, 1988 चा. सोनोग्राफी केंद्राबाहेर ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ हा फलक आला, आणि वाचणाऱ्यांच्या मनात दोन कायद्यांची गल्लत झाली. मुलगी पाडणं गुन्हा, हे ‘गर्भ पाडणं गुन्हा’ असं ऐकू जाऊ लागलं. 2002 पासून देशात गर्भपाताच्या गोळ्यांना परवानगी आहे, तरी कायदा पाळून काम करणारे डॉक्टरही हा शब्द हळू आवाजात उच्चारतात.

कागदांनी मात्र तो कुजबुजता स्वर आधीपासूनच सांभाळला आहे. नियमावलीप्रमाणे संमतीचा ‘फॉर्म सी’ आणि डॉक्टरचं मत बंद लिफाफ्यात जातं. लिफाफ्यावर ‘गुप्त’ असं लिहायचं. बाईचं नाव तेवढं रजिस्टरात, आणि तेही गुप्त दस्तऐवज. बाकी सगळीकडे फक्त क्रमांक. दर वर्षी तो एकापासून सुरू होतो, आणि कसा लिहायचा याचं उदाहरणही नियमातच दिलं आहे: 5/1972.