गांवांच्या नांवांतील झाडें

घोड नदी ओलांडून शिरूरच्या हद्दींत पाऊल टाकलें म्हणजे गांवांचीं नांवें जरा लक्ष देऊन वाचावीं. बाभूळसर, चिंचोली, चिंचणी, निमोणें, निमगांव, पिंपरखेड, पिंपळसुटी. भीमा उतरून दौंडाकडे वळलें तर बोरीबेल, बोरी पारधी, पिंपळगांव. हीं गांवें ज्यांनीं वसविलीं त्यांनीं वनस्पतिशास्त्रावर ग्रंथ लिहिला नाहीं. परंतु वर्षाकांठीं वीसेक इंच पाऊस पडणाऱ्या या मुलुखांत कोणतें झाड तग धरतें, याची नोंद त्यांनीं महसुलाच्या दफ्तरांत कायमची करून ठेविली आहे. बाभूळ नदीच्या मळईवर, बोर माळावर, निंब पांढरीच्या कडेला, असा हा हिशेब आहे.

यांत चिंच मात्र वनस्पतिशास्त्रज्ञांस अडचणींत टाकते. तिचें मूळ आफ्रिकेंत असावें असें ते सांगतात, आणि अरबांनीं तिला नांव दिलें तें ‘हिंदचा खजूर’! ती येथें इतक्या पूर्वीं आली कीं तिच्यावरून गांवें ओळखलीं जाऊं लागलीं. देशी कोण व परदेशी कोण हा वाद झाडांच्या बाबतींत जन्मस्थळावरून सुटत नाहीं. पांखरांस, जनावरांस व माणसांस त्या झाडाची संवय झाली आहे कीं नाहीं, हें पाहावें लागतें. मोराची चिंचोली हें याचें उत्तम उदाहरण होय. तेथील चिंचा पेशवाईंत लाविल्या असें लोक सांगतात. त्यांवर मोर वस्तीस असतात, सकाळीं शेतांत उतरून दाणे टिपतात, आणि शेतकरी कुरकुरला तरी त्यांस मारीत नाहीं. मोर १९६३ सालीं राष्ट्रीय पक्षी ठरला; चिंचोलीस तो त्यापूर्वींच घरचा झालेला होता.

शिरूरच्या मातीनें परक्यास आपलें म्हटल्याचें याहून चमत्कारिक उदाहरण एका माणसाचें आहे. वसईच्या तहानंतर इंग्रजांची फौज येथें छावणी करून राहिली. त्या फौजेचा कर्नल वॉलेस १८०९ सालीं येथेंच वारला. पुढें गांवकरी त्याच्या थडग्यास ‘सत्पुरुष’ म्हणून नैवेद्य दाखवीत व सुगीचे पहिले दाणे तेथें वाहात, असें जुन्या पुणें ग्याझेटियरांत नमूद आहे. पेंढाऱ्यांच्या व दुष्काळाच्या त्या काळांत ज्याच्यापासून उपद्रव झाला नाहीं तो सत्पुरुष, एवढाच त्याचा अर्थ असेल.

आतां माळाविषयीं. पेशवाईंत घोडदळाच्या चाऱ्यासाठीं गवताचीं कुरणें राखीत, आणि भीमथडीच्या तट्टांची कीर्ति या गवतावरच उभी होती. पवन्या, मारवेल हीं नांवें त्या काळच्या बारगिरास शेतकऱ्याइतकींच पाठ असतील. पुढें राज्य बदललें, घोडदळ गेलें आणि १८३६ नंतर इंदापुरापासून नवी मोजणी सुरू झाली. शेतसारा देणारी ती जमीन, न देणारी ती पडीक, ही वर्गवारी तेव्हांपासून सरकारी मनांत पक्की झाली. ‘पडीक’ या एका शब्दानें माळाचें जेवढें नुकसान केलें तेवढें दुष्काळांनींहि केलें नसेल, असें आमचें मत आहे.

कारण माळ ओसाड नव्हता. मुंबई सरकारच्या सांख्यिकी कामावर १८२४ सालीं नेमला गेलेला कर्नल साइक्स यानें १८३१ व १८३२ सालीं दख्खनच्या जनावरांच्या व पक्ष्यांच्या याद्या लंडनच्या प्राणिशास्त्र-संस्थेपुढें मांडल्या. येथील लांडग्यास व चिंकारा हरिणास शास्त्रीय नांवें त्यानेंच दिलीं. खोकडाचें ‘कोकरी’ हें नांवहि त्यानें ल्याटिन पोशाखांत उभें केलें, पण त्या प्राण्याचें बारसें आधींच झालेलें असल्यामुळें तें टिकलें नाहीं. घोडेच्या पलीकडे अहमदनगर जिल्ह्यांत मॅन्सफील्ड नांवाच्या एका शिकाऱ्यानें १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत ९६१ माळढोक मारले. एका माणसाच्या बंदुकीपुढें इतके पक्षी आले, तर माळावर एकंदर किती असतील! आज शिरूर-दौंडांत माळढोक दिसत नाहीं.

मग पाणी आलें. खडकवासल्याचा उजवा कालवा पाटसच्या बाजूस आला, स्वातंत्र्यानंतर चिंचणीजवळ घोडेवर धरण झालें, पुढें डिंभ्याचें व चासकमानचेंहि पाणी शिरूरास मिळालें. जिरायत होतें तेथें ऊंस उभा राहिला. ज्यांनीं बाजरीच्या भाकरीसाठीं आभाळाकडे पाहिलें, त्यांच्या नातवंडांस आम्हीं ऊंस लावूं नका असें सांगणें शोभणार नाहीं. परंतु उंसानें एक नवा रहिवासी आणला. बिबट्या आतां उंसांत जन्मतो, तेथेंच वाढतो, आणि तोडणी सुरू झाली कीं बेघर होतो. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत पिंपरखेड व जांबूत या गांवीं त्याच्या हल्ल्यांत माणसें मेलीं, त्यांत लहान मुलेंहि होतीं. ज्या घरांतील मूल गेलें त्या घरास वन्यप्राण्यांच्या प्रेमाचा उपदेश करणें क्रूरपणाचें होईल. मात्र बिबट्यांना दोष देतांना हेंहि पाहिलें पाहिजे कीं माळावर त्याला लपावयास जागा नव्हती. ती उंसानें दिली.

सुप्याजवळ बारामती तालुक्यांत, दौंडच्या सीमेपासून फार दूर नाहीं अशा ठिकाणीं, १९९७ सालीं मयूरेश्वर अभयारण्य झालें. तें अवघें पांच चौरस किलोमीटरांचें आहे. साइक्सनें नांव दिलेला चिंकारा तेथें चरतो. येथें व एकंदर दख्खनच्या माळांवर उत्साही मंडळी अजूनहि खड्डे खणून गिरिपुष्प वा सुबाभूळ लावतात, कारण झाड म्हणजे पुण्य व गवत म्हणजे रिकामी जागा अशी त्यांची समजूत आहे. वेडी बाभूळ १८७७ च्या सुमारास अशाच सदिच्छेनें हिंदुस्थानांत आली. ती आज नदीकांठांवरून हटवितां हटत नाहीं. चिंचेसारखी ती पांखरांच्या संसारांत मिसळली नाहीं. स्वतःचाच संसार वाढवीत गेली.

शिरूर-दौंडांत ज्यांचीं घरें व चार गुंठे अंगण आहे अशा वाचकांनीं मृगाच्या आधीं कुंपणाकडेला बोर, हिवर, तरवड यांचें बीं टाकावें. तरवडास पाणीहि घालावें लागत नाहीं, आणि फुलला कीं पिवळाधमक दिसतो. गवत दसऱ्यापर्यंत कापूं नये. बीं गळून पडूं द्यावें. थंडींत मध्य आशियांतून आलेले भोवत्या पक्षी जमिनीपासून हातभर उंचीवरून गवत चाळीत जातात, ते अशा न कापलेल्या पट्ट्यांवरच दिसतात.