आकडा उतरला, हृदयाचे काय?

कुर्ल्याच्या भाभा रुग्णालयात केसपेपर घेऊन रांगेत उभे राहा. बीपीचे निदान शेजारचाच करून टाकतो. टेन्शन, लोणचे-पापड, वय! जाणकारांचे प्रचलित मत याहून फार दूर नाही, आणि ते उथळही नाही. बहुसंख्य रुग्णांत उच्च रक्तदाबाचे एकच एक कारण सापडत नाही. मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींचे रक्तदाब वाढवणारे विकार दुर्मीळ. तेव्हा गोळी द्यावी, आकडा उतरवावा. गर्दीच्या ओपीडीत हे सोयीचे आहे, हे मान्य.

पण दुर्मीळ नेमके काय? ॲड्रेनॅलिन ओकणारी फिओक्रोमोसायटोमाची गाठ खरोखरच दुर्मीळ. अल्डोस्टेरॉन या ॲड्रिनल संप्रेरकाचा अतिस्राव मात्र नव्हे, मग तो एका गाठीतून होवो वा दोन्ही ग्रंथींतून. इटलीत तुरीनच्या फॅमिली डॉक्टरांकडील रक्तदाबाचे 1,672 रुग्ण तपासले गेले. 2017 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष: 5.9 टक्के. शंभरात सहा जणांना दुर्मीळ म्हणावे काय? ‘पोटॅशियम नॉर्मल आहे, मग सोडा’ हा बचावही तिथेच कोसळतो. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांचे पोटॅशियम नॉर्मलच होते.

आता मुख्य मुद्दा. आकडा उतरला की हृदय वाचले, हे गृहीतक. पॅरिसच्या संशोधकांनी 2005 साली अल्डोस्टेरॉनचे रुग्ण आणि तितकाच रक्तदाब असलेले इतर रुग्ण शेजारी ठेवून पाहिले. पक्षाघात 12.9 टक्के विरुद्ध 3.4, हृदयाचे ठोके बेताल होण्याचा एट्रियल फिब्रिलेशन हा विकार 7.3 विरुद्ध 0.6. दाब सारखाच, मग ही तफावत कुठून आली? हे संप्रेरक मूत्रपिंडाकडून मीठ धरून ठेवते, एवढ्यावर थांबत नाही. हृदयाच्या स्नायूतही ते तंतुमय जाळे वाढवते, स्नायू ताठर करते. ते यंत्रावरच्या आकड्यात दिसत नाही.

दुर्मीळ गाठीचेही थोडे ऐकावे. अचानक डोके ठणकते, घाम फुटतो, छाती धडधडते. घरचे म्हणतात, ‘घाबरट आहे.’ धडधडीवर नुसताच बीटा ब्लॉकर दिला तर ॲड्रेनॅलिनला रक्तवाहिन्या आवळायला रान मोकळे मिळते, आणि दाब भडकतो. आधी अल्फा ब्लॉकर, मग बीटा. क्रम चुकला तर जिवावर बेतते.

मग सरसकट सगळ्यांचे सीटी स्कॅन काढायचे? मुळीच नाही. स्कॅनमध्ये सापडणाऱ्या बहुतेक गाठी मुक्याच असतात, संप्रेरक ओकत नाहीत. आधी रक्तातले रेनिन-अल्डोस्टेरॉनचे प्रमाण. अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीने 2025 मध्ये प्रत्येक उच्च रक्तदाबाच्या रुग्णासाठी हेच सुचवले. दोष एकाच बाजूचा असेल तर ग्रंथी दुर्बिणीतून काढता येते, दोन्हीकडे असेल तर स्पायरोनोलॅक्टोन आहे. आणि अंतःस्रावी ग्रंथींचा विभाग असलेले केईएम रुग्णालय? स्लो लोकलने कुर्ल्याहून परळ चौथे स्टेशन.