क्रोशाची पट्टेरी टोपी

क्रोशाची पट्टेरी टोपी म्हणजे टोकाला आकडा असलेल्या एकाच सुईने, गोल फेऱ्यांमध्ये विणलेली आणि दोन किंवा अधिक रंगांच्या लोकरीचे आडवे पट्टे असलेली टोपी होय. महाराष्ट्रात, विशेषतः पुण्यासारख्या शहरांतील घरांत, ती पुष्कळदा उरलेल्या किंवा जुन्या स्वेटरांतून उसवून काढलेल्या लोकरीची केली जाते. अशा लोकरीत रंगाबरोबर धाग्याची जाडीही बदलते. त्यामुळे टोपी डोक्यावर नीट बसेल की नाही, हे रंगसंगतीपेक्षा जाडीतील या फरकाचा हिशेब कसा केला यावर अधिक अवलंबून असते.

पार्श्वभूमी

'क्रोशे' हा शब्द आकडा या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आला आहे. आजच्या स्वरूपातील क्रोशाचे विणकाम युरोपात एकोणिसाव्या शतकात रूढ झाले. १८२० च्या दशकात 'पेनेलोपे' या डच मासिकाने त्याचे नमुने छापले, आणि १८४५ नंतरच्या दुष्काळात आयर्लंडमध्ये क्रोशाची लेस हे अनेक कुटुंबांच्या उपजीविकेचे साधन बनले. भारतात या कलेच्या प्रसाराला ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या शाळा मोठ्या प्रमाणात कारणीभूत झाल्या. आंध्र प्रदेशातील नरसापूर परिसरात त्यातून लेसचा घरगुती उद्योग उभा राहिला. तेथील स्त्रियांच्या अल्प मोबदल्याच्या श्रमांवर समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या विषयात महत्त्वाचा मानला जातो.

पुणे परिसरात स्त्रियांच्या हस्तव्यवसाय-शिक्षणाची परंपरा जुनी आहे. पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये मुलींना हातउद्योग शिकवले जात. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये स्थापन झालेल्या पुणे सेवासदनातही शिवण व भरतकाम यांना शिक्षणात स्थान होते. घरोघरी मात्र क्रोशे एकीकडून दुसरीकडे गेले ते प्रामुख्याने आई, मावशी, शेजारीण यांच्या हातांतून. लग्नातील रुखवतात मांडले जाणारे क्रोशाचे रुमाल व तोरणे हे या कामाचे सर्वांत परिचित रूप असले, तरी ते सुती दोऱ्याचे काम आहे. लोकरीच्या क्रोशात टोपी, पायमोजे, मफलर आणि शाल यांचा भरणा असतो.

पुण्यातील वापर

पुण्याची थंडी अल्पकाळ टिकते, पण डिसेंबर-जानेवारीतील पहाटे बोचऱ्या असतात. शहरातील किमान तापमानाचा नीचांक १७ जानेवारी १९३५ रोजी १.७ अंश सेल्सिअस इतका नोंदला गेला. पर्वती किंवा तळजाईच्या टेकडीवर पहाटे फिरायला जाणाऱ्यांच्या डोक्यावरील कानटोपी हे हिवाळ्यातील नेहमीचे दृश्य आहे. दुपारी मात्र ऊन तापते. त्यामुळे येथे अतिशय जाड टोपीपेक्षा मध्यम जाडीची, घडी करून पिशवीत टाकता येईल अशी टोपी अधिक उपयोगी ठरते.

पट्टेरी टोपीचा सर्वांत रूढ प्रकार बहुधा तान्ह्या बाळाचे टोपडे हाच आहे. बाळ-बाळंतिणीसाठी दिल्या जाणाऱ्या बाळंतविड्यात झबली, दुपटी व कुंची यांबरोबर लोकरीचे टोपडे आणि मोजेही असतात. बाळाची दुपटी जुन्या, मऊ झालेल्या लुगड्यांची शिवण्याची रीत आहे. उरलेल्या लोकरीचे टोपडे त्याच काटकसरीच्या आणि मायेच्या रीतीत बसते. टोपड्याला २५ ते ४० ग्रॅम, तर मोठ्या माणसाच्या टोपीला साधारण ७० ते १०० ग्रॅम लोकर लागते. एवढ्या कमी लोकरीसाठी नवे गुंडे आणण्यापेक्षा घरातील तुकडे जोडणे सोपे, आणि पट्टे ही त्या जोडणीची दिसायला सुबक अशी सोय.

दख्खनी मेंढीची लोकर महाराष्ट्रात मुबलक असली तरी ती राठ व केसाळ असते. घोंगडीसाठी ती उत्तम, टोपीसाठी टोचरी. टोपीसाठी वापरली जाणारी लोकर मुख्यतः लुधियाना येथील गिरण्यांची असते व तिच्यात ॲक्रिलिक धाग्याचे प्रमाण मोठे असते. पुण्यात तुळशीबाग व तिच्या आसपासच्या पेठांतील दुकानांतून लोकर आणि सुया मिळतात. सुयांमध्ये तमिळनाडूच्या नीलगिरी जिल्ह्यातील केट्टी येथे बनणाऱ्या 'पोनी' सुया परिचित आहेत.

लोकरीची जाडी

दुकानात लोकर 'दोन प्लाय', 'तीन प्लाय', 'चार प्लाय' अशी मागितली जाते. प्लाय म्हणजे धाग्यातील पदरांची संख्या, जाडी नव्हे. चार बारीक पदरांचा धागा दोन जाड पदरांच्या धाग्यापेक्षा बारीक असू शकतो. त्यामुळे दोन वेगवेगळ्या गिरण्यांची 'चार प्लाय' लोकर सारखी निघेलच असे नाही.

क्राफ्ट यार्न कौन्सिल या अमेरिकी संस्थेने लोकरीचे ० ते ७ असे आठ वर्ग ठरवले असून आंतरराष्ट्रीय नमुन्यांत तेच आढळतात. क्रोशाच्या मुक्या खांबांनी विणल्यास १० सेंमी रुंदीत वर्ग ३ च्या हलक्या लोकरीचे १२ ते १७, वर्ग ४ च्या मध्यम लोकरीचे ११ ते १४ आणि वर्ग ५ च्या जाड लोकरीचे ८ ते ११ टाके बसतात. त्यांसाठी सुचवलेल्या सुया अनुक्रमे ४.५ ते ५.५, ५.५ ते ६.५ आणि ६.५ ते ९ मिमी जाडीच्या आहेत.

उसवलेल्या लोकरीवर पट्टी किंवा छापील वेष्टन नसते. तेव्हा पट्टीवर धागा न ताणता, वेढे एकमेकांना लागून गुंडाळायचे आणि एका इंचात किती वेढे बसले ते मोजायचे, ही सर्वांत सोपी परीक्षा. वेढे जितके जास्त तितका धागा बारीक. दोन बारीक धागे एकत्र धरले तर जाडी दुप्पट होत नाही. धाग्याच्या छेदाचे क्षेत्रफळ दुप्पट होते आणि व्यास सुमारे १.४ पट वाढतो. म्हणून इंचात १४ वेढे बसणारे दोन धागे एकत्र केले की साधारण १० वेढ्यांचा धागा मिळतो. लांबीनेही हाच अंदाज करता येतो. १०० ग्रॅममध्ये ४०० मीटर भरणारी लोकर दुहेरी घेतल्यास ती १०० ग्रॅममध्ये २०० मीटर भरणाऱ्या मध्यम लोकरीसारखी चालते.

टाके व घडण

मराठीत क्रोशाच्या मूळ टाक्यांना साखळी, मुका खांब, अर्धा खांब आणि खांब अशी नावे आहेत. मुक्या खांबात सुईवर आधी वेढा घेतला जात नाही, त्यामुळे तो बुटका व घट्ट असतो. खांबात एक वेढा घेऊन तो दोन टप्प्यांत सोडवला जातो व टाका उंच होतो.

टोपी सहसा माथ्याकडून सुरू होते. सपाट वर्तुळ मिळण्यासाठी प्रत्येक फेरीत ठरावीक टाके वाढवावे लागतात : मुक्या खांबांसाठी ६, अर्ध्या खांबांसाठी ८ आणि खांबांसाठी १२. यामागे साधी भूमिती आहे. प्रत्येक फेरीने त्रिज्या टाक्याच्या उंचीइतकी वाढते, म्हणजे परीघ त्या उंचीच्या सुमारे ६.२८ पट वाढतो. मुक्या खांबाची उंची व रुंदी जवळजवळ सारखी असल्याने सहा टाके पुरतात. खांब रुंदीच्या जवळपास दुप्पट उंच असल्याने बारा लागतात. टाके कमी वाढवले तर वर्तुळ वाटीसारखे वळते, जास्त वाढवले तर त्याला झालर पडते. वर्तुळाचा व्यास टोपीच्या परिघाच्या एकतृतीयांशाहून किंचित कमी झाला की वाढ थांबवून सरळ फेऱ्या विणल्या जातात.

लोकर ताणली जात असल्याने टोपीचा परीघ डोक्यापेक्षा २ ते ४ सेंमी कमी ठेवतात. मोठ्या माणसाचे डोके बहुधा ५४ ते ५८ सेंमी, नवजात बाळाचे सुमारे ३५ सेंमी आणि वर्षाच्या बाळाचे ४६ सेंमीच्या आसपास असते.

जाडी बदलताना

वेगवेगळ्या जाडीच्या लोकरी एकाच सुईने, टाक्यांची संख्या न बदलता विणल्या, तर जाड पट्टा बाहेर फुगतो व बारीक पट्टा कमरेसारखा आत ओढला जातो. पट्टेरी टोपी बिघडण्याचे हे सर्वांत सामान्य कारण आहे. ओढून-ताणून किंवा इस्त्रीने हा दोष जात नाही.

उपाय परिघ कायम ठेवण्याचा. समजा, टोपीचा परीघ ५४ सेंमी हवा आहे. हलक्या लोकरीच्या नमुन्यात १० सेंमीत १५ टाके बसत असतील, तर फेरीत ८१ टाके लागतील. जाड लोकरीच्या नमुन्यात १० टाके बसत असतील, तर ५४. माथा हलक्या लोकरीचा असेल, तर सहा-सहाने वाढवत तेराव्या फेरीला ७८ टाके होतात व चौदाव्या फेरीत तीन वाढवून ८१ मिळतात. पुढे जाड पट्टा सुरू करताना सुई बदलून त्याच्या पहिल्याच फेरीत एक टाका साधा व पुढचे दोन एकत्र, असे फेरीभर केले की प्रत्येक तीन टाक्यांचे दोन होऊन ८१ चे ५४ होतात. पुन्हा हलक्या लोकरीकडे परतताना एका टाक्यात एक व पुढच्यात दोन विणले की ५४ चे ८१. हा बदल रंग बदलतो त्याच रेषेवर होत असल्याने तो डोळ्यांना दिसत नाही.

दुसरा मार्ग बारीक लोकर दुहेरी धरण्याचा. त्यात टाक्यांची संख्या व सुई एकच राहते, पट्टे समान उंचीचे येतात आणि दोन रंगांचे धागे एकत्र घेतल्यास मिश्र छटाही मिळते. नवशिक्यांना हीच पद्धत सोयीची पडते. मात्र तिला बारीक लोकर दुप्पट लागते, आणि मुळात तुकडे संपवण्यासाठी हाती घेतलेल्या टोपीत ती ऐन शेवटच्या फेऱ्यांत कमी पडू शकते. यासाठी स्वयंपाकघरातील काट्यावर गुंडा तोलून, दोन फेऱ्या विणून पुन्हा तोलतात. त्यावरून राहिलेल्या लोकरीत किती फेऱ्या होतील ते काढून मगच पट्ट्यांची रुंदी ठरवतात.

माथा एकाच जाडीच्या लोकरीत पूर्ण करणे श्रेयस्कर असते. वर्तुळ वाढत असताना जाडी बदलली तर रुंदीबरोबर टाक्याची उंचीही बदलते आणि वाढीचा हिशेब गुंतागुंतीचा होतो. काठासाठी बारीक, लवचीक लोकर घट्ट विणावी. तेथे आत ओढला जाणारा पट्टा दोष न राहता टोपी डोक्यावर धरून ठेवतो.

रंग बदलताना आधीच्या रंगाच्या शेवटच्या टाक्याचा अखेरचा वेढा नव्या रंगाने घेतात, म्हणजे नवा टाका स्वच्छ रंगात सुरू होतो. फेऱ्या न जोडता नागमोडी चढत्या विणीत पट्ट्याच्या सांध्यावर पायरी दिसते. प्रत्येक फेरी जोडून बंद केल्यास ती बरीच लपते. पट्टे दोन-तीन फेऱ्यांचे असतील तर धागा न तोडता आतून वर नेता येतो. तो फार ताणला तर टोपी एका बाजूला आखूड होते.

जुनी लोकर

उसवलेली लोकर नागमोडी झालेली असते. ती खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून लडी करतात, चार ठिकाणी सैल बांधतात, कोमट पाण्यात भिजवतात आणि सावलीत टांगून वाळवतात. ही पायरी गाळून थेट विणलेल्या नमुन्याचे माप फसवे येते, कारण पहिल्या धुण्यात धागा सरळ होऊन वीण सैलावते. यंत्रावर कापून शिवलेल्या स्वेटरमधून सलग धागा निघत नाही. असा स्वेटर शिवणीच्या आतल्या कडांवरून ओळखता येतो.

तुकडे कोणत्या धाग्याचे आहेत हे जाळून पाहतात. शुद्ध लोकर केस जळाल्यासारखा वास देते व तिची राख बोटांत चुरते. ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. सुताला कागद जळाल्याचा वास येतो. ही तपासणी महत्त्वाची आहे, कारण गरम पाण्यात व चोळण्याने शुद्ध लोकर आटून घट्ट होते, ॲक्रिलिक तसेच राहते. दोन्हींचे पट्टे असलेली टोपी अशा धुण्यानंतर चुण्या पडून निकामी होते. गडद रंगाचा धागा फिक्या पट्ट्याशेजारी घेण्यापूर्वी ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून रंग सुटतो का ते पाहिले जाते.

श्रम व मोल

सुयांवरील विणकामाचे यांत्रिकीकरण झाले, तसे क्रोशाचे झालेले नाही. यंत्रावर क्रोशासारखी दिसणारी वीण निघते, पण खरे क्रोशे हातानेच होते. दुकानातील स्वस्त क्रोशाची टोपीसुद्धा कुणीतरी टाका टाका करून विणलेली असते. घरगुती टोपीत लोकर जुनी असल्याने तिचा खर्च शून्य धरला जातो आणि विणणारीचे तास तर कोणी धरतच नाही. विक्रीसाठी किंमत ठरवताना नेमकी हीच सवय आड येते, आणि वेगवेगळ्या जाडीच्या पट्ट्यांच्या टोपीत नमुने विणून मोजण्याचा वेळही त्यात भर घालतो.

बाळांसाठी दक्षता

कमी वजनाच्या नवजात बाळांच्या कांगारू मातृसेवेत बाळाला टोपी घालण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटना करते, कारण लहान बाळाच्या शरीराची पुष्कळ उष्णता डोक्यावाटे जाते. याउलट निरोगी बाळाला घरात झोपवताना टोपी घालू नये, असे अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या २०२२ च्या सूचनांत म्हटले आहे. जन्मानंतरचे पहिले काही तास व अतिदक्षता विभाग यांचा त्यात अपवाद आहे. टोपडे तोंडावर सरकणे आणि अंग फाजील तापणे, हे दोन्ही धोके त्यात गृहीत धरलेले आहेत. हनुवटीखाली बांधायचे लांब बंद, सैल गोंडे व मणी तान्ह्या बाळाच्या टोपड्याला लावू नयेत. खांबांच्या जाळीदार विणीत बाळाची बोटे अडकू शकतात, म्हणून टोपड्यासाठी मुक्या खांबाची घट्ट वीण आणि मऊ लोकर घेतात. धाग्यांची टोके आतल्या बाजूने निदान ५ सेंमी ओवून बंद करतात.