प्रोग्रॅमची पुनर्रचना आणि डेटा टाइपचा प्रश्न : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर हे गाव वाढोणा या जुन्या नावानेही ओळखले जाते. गावाचे नाव बदलले तरी जुने नाव कोणकोणत्या कागदांत उरले आहे, हे एका जागी बसून सांगता येत नाही. प्रोग्रॅममधील एखादे नाव बदलतानाही हाच पेच उभा राहतो. प्रोग्रॅमचे बाह्य कार्य कायम ठेवून त्याची अंतर्गत मांडणी सुधारणे यास रिफॅक्टरिंग, म्हणजेच पुनर्रचना म्हणतात. त्यासाठी डेटा टाइप आधीच निश्चित असावा की प्रोग्रॅम चालताना ठरावा, या वादाचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

दोन परंपरा :
फोरट्रान (१९५७) व त्यानंतरच्या कोबोलमध्ये टाइप कंपायलरपाशीच निश्चित होतो. ही स्थिर पद्धती होय. जॉन मॅकार्थी यांच्या लिस्पमध्ये (१९५८) टाइप मूल्यासोबत राहतो आणि चूक प्रोग्रॅम चालतानाच कळते. ही गतिक पद्धती होय. स्थिर पद्धतीत पुनर्रचना अधिक सुरक्षित, असे सर्वसाधारण मत आहे. इतिहास मात्र इतका सरळ नाही.

विल्यम ऑपडाइक यांनी १९९२ मध्ये इलिनॉय विद्यापीठात या विषयावर प्रबंध सादर केला, तो सी प्लस प्लस या स्थिर भाषेच्या संदर्भात. परंतु व्यवहारात रुजलेले पुनर्रचनेचे पहिले स्वयंचलित साधन त्याच विद्यापीठात डॉन रॉबर्ट्स व जॉन ब्रँट यांनी घडविले, ते स्मॉलटॉक या गतिक भाषेसाठी. स्मॉलटॉकमध्ये एकाच नावाची मेथड अनेक क्लासमध्ये असू शकते. तेव्हा कोणती हाक कोणासाठी आहे, हे केवळ मजकुरावरून ठरत नाही. त्यांनी जुन्या मेथडवर पहारा बसविला, प्रोग्रॅम चालवून पाहिला आणि जेथून हाक आली तेथेच नाव बदलले. युक्ती चतुर खरी; पण चाचणीत जो भाग चाललाच नाही, तेथे जुने नाव तसेच राहणार. जावासाठीच्या इंटेलिजे आयडिया (२००१) यासारख्या साधनांना ही अडचण फारशी आली नाही. तेथे वेगळी किंमत मोजावी लागते : एक व्याख्या बदलली की तिच्याशी संबंधित सर्व जागा जुळल्याशिवाय प्रोग्रॅम कंपाइलच होत नाही.

पुण्यातील अनुभव :
स्थिर पद्धतीची मर्यादा 'वायटूके' प्रश्नात उघडी पडली. कोबोलमध्ये वर्षासाठी दोन अंकी जागा घोषित केलेली असे. ही दोन अंकी संख्या आहे, एवढेच कंपायलरला ठाऊक. ते वर्ष आहे की नगांची संख्या, हे त्याला कळण्याचा मार्ग नव्हता. म्हणून नावांवरून व मूल्यांच्या प्रवाहावरून वर्षे हुडकावी लागली. १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर या संस्थेत प्रोग्रॅम-विश्लेषणाच्या साधनांवर जे काम झाले, त्याचे महत्त्व या संदर्भात ध्यानी येते. जे घोषितच केलेले नाही, त्याचे रक्षण टाइप करू शकत नाही.

देवनागरीची कसोटी :
गतिक पद्धतीची उणीव मराठी वापरकर्त्यांना अधिक जवळून जाणवावी अशी आहे. पायथॉन २ मध्ये बाइट्सची माला व युनिकोड मजकूर बिनदिक्कत एकत्र जोडता येत. रोमन लिपीतील नावांवर तपासलेला प्रोग्रॅम बिनचूक चाले. बाइट्सच्या रूपात 'हिमायतनगर' हा देवनागरी शब्द आला की तोच प्रोग्रॅम बंद पडे. पायथॉन ३ ने (२००८) हे दोन टाइप काटेकोरपणे वेगळे केले. मात्र जुन्या प्रोग्रॅममध्ये कोठे बाइट्स आणि कोठे मजकूर, हे लिहून ठेवलेले नसल्याने स्थलांतर रेंगाळले. पायथॉन २ चा अधिकृत आधार २०२० मध्ये संपला.

दरम्यान मायक्रोसॉफ्टने जावास्क्रिप्टवर टाइपस्क्रिप्टची (२०१२) आणि फेसबुकने पीएचपीवर हॅकची (२०१४) जोड दिली. पायथॉनमध्ये २०१५ पासून टाइप नोंदविण्याची अधिकृत सोय झाली. या नोंदी ऐच्छिक आहेत. प्रोग्रॅम चालताना त्या तपासल्या जात नाहीत, त्यासाठी मायपाय यासारखे स्वतंत्र साधन लागते. ड्रॉपबॉक्स कंपनीने २०१९ पर्यंत सुमारे ४० लाख ओळी या तपासणीखाली आणल्या. ज्या भागात अशा नोंदी नाहीत, तेथे नाव बदलताना आजही चाचण्यांवरच विसंबावे लागते.