लास सालिनासची काचेची छपरं

चिलीच्या अटाकामा वाळवंटात सोरा वाहणाऱ्या खेचरांना पाणी हवं होतं. विहिरींचं पाणी मात्र समुद्राहून कितीतरी खारट. १८७२ मध्ये चार्ल्स विल्सन या अभियंत्यानं लास सालिनास इथं सौर ऊर्ध्वपातनाचा, म्हणजे उन्हानं पाण्याची वाफ करून गोडं पाणी मिळवण्याचा, कारखाना उभारला. तेव्हा हा मुलूख बोलिव्हियाचा होता. उथळ लाकडी हौद, त्यांवर उतरती काच. काचेचा पसारा सुमारे ४,७०० चौरस मीटर. रोज वीस हजार लिटरांहून जास्त गोडं पाणी मिळे. म्हणजे चौरस मीटरमागं जेमतेम पाच लिटर. गणित निष्ठुर आहे: लिटरभर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते, आणि काचेवर वाफेचं पाणी होताच ही उष्णता हवेत वाया जाते. ऊन फुकट होतं, एवढंच. तरी कारखाना काही दशकं चालला.