धारवाडचा एक नामंजूर अर्ज (इ. स. १८५६)

जुनीं दप्तरें चाळतांना संग्राहकाची दृष्टि सनदा, वतनपत्रें व निवाडे यांजकडे सहज जाते. नामंजूर झालेल्या अर्जांकडे ती क्वचितच वळते. तथापि राज्यकर्त्यांचें मन कित्येकदां मंजुरीपेक्षां नकारांतच अधिक स्पष्ट उमटतें. शाळाप्रवेशासंबंधीचें पुढील प्रकरण या दृष्टीनें वाचकांपुढें ठेवीत आहों.

धारवाड त्या काळीं मुंबई इलाख्यांत होतें. नेहमींची फी देण्यास तयार असतांही आपणांस तेथील सरकारी शाळेंत घेत नाहींत, असा अर्ज एका महार मुलानें १८५६ च्या जून महिन्यांत मुंबई सरकारकडे केला. त्यावर २१ जुलै १८५६ रोजीं ठराव झाला. त्याचा आशय असा: तत्त्वतः न्याय अर्जदाराच्या बाजूस आहे यांत शंका नाहीं, परंतु एकदोघांकरितां युगानुयुगांचे पूर्वग्रह तडकाफडकी मोडूं गेल्यास शिक्षणाच्याच कार्यास धक्का बसेल, शिवाय ही अडचण या सरकारनें उत्पन्न केलेली नाहीं.

वादीचा हक्क शाबीत धरून दावा मात्र काढून टाकावा, असाच हा निवाडा होय. अज्ञानानें केलेल्या अन्यायाहून हा प्रकार निराळा आहे. येथें न्याय ओळखून तो दूर ठेविला आहे.

पण प्रश्न टाळल्यानें टळला नाहीं. २३ जानेवारी १८५७ च्या पत्रांत हिंदुस्थान सरकारनें कळविलें कीं, बंगाल्यांतील कोणत्याही सरकारी शाळेंत या मुलास प्रवेश नाकारला गेला नसता. पुढें २८ एप्रिल १८५८ च्या खलित्यांत कंपनीच्या डायरेक्टरांनीं सरकारी शाळा सर्व वर्गांस खुल्या असल्याचें बजाविलें; कांहीं विद्यार्थी त्यामुळें निघून गेले तरी तत्त्व सोडूं नये, व ज्यांस तें रुचत नसेल त्यांनीं आपल्या पैशानें निराळ्या शाळा काढाव्या, असें त्यांचें म्हणणें. जकात चुकविण्यासाठीं रात्रभर आडवाटेनें फिरलेला गाडीवान पहांटे नाक्यावरच येऊन उभा राहतो. त्या घट्टकुटीप्रभातन्यायाचें हें उत्तम उदाहरण होय.

तत्त्व जिंकलें खरें, पण अर्जापासून खलित्यापर्यंत बावीस महिने लोटले होते. शिकण्याच्या वयांतील बावीस महिने कोणताही खलिता परत देत नाहीं. १८८२ च्या हंटर कमिशननें तेंच तत्त्व पुन्हां उच्चारलें, पण योग्य ती सावधगिरी राखून तें लागू करावें अशी पुस्ती जोडली. १८५६ ची भीति त्या एका शब्दांत शिल्लक राहिली, असें आम्हांस वाटतें.

१९२८ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीनें सायमन कमिशनपुढें शिक्षणविषयक निवेदन ठेविलें. त्यांत हा अर्ज पुराव्यादाखल आला. १९५० च्या राज्यघटनेच्या २९ व्या अनुच्छेदानें सरकारी शाळांतील जातीवरून होणारा नकार बेकायदा ठरविला.

ठरावांत हा मुलगा ‘महार अर्जदार’ एवढ्याच नांवानें वावरतो. जुन्या शाळांचीं दाखल-पुस्तकें व फेटाळलेले अर्ज रद्दींत जातांना दिसल्यास संग्राहकांनीं तीं सनदांइतक्याच आस्थेनें उचलावीं, एवढीच विनंति.