परळची विद्या, बोरिवलीची घाई

मुंबईच्या उपनगरांनी आपले हृदयरोगतज्ज्ञ स्वतः क्वचितच घडवले. ते टाउनमध्ये, म्हणजे बेटावरच्या जुन्या मुंबईत, तयार होऊन आले. महापालिकेची हद्द १९५० आणि १९५७ मध्ये वाढत दहिसर-मुलुंडपर्यंत पोहोचली, मतदार आणि नळ उपनगरांत आले, पण वैद्यकीय विद्यापीठे म्हणावीत अशी रुग्णालये जिथल्या तिथे राहिली: परळला केईएम, मुंबई सेंट्रलला नायर, भायखळ्याला जेजे, आणि बेटाच्या अगदी उत्तर टोकाला सायन. घाटकोपरचे राजावाडी किंवा बोरिवलीचे भगवती ही गर्दीची, उपयोगी रुग्णालये, तिथे डी.एम. कार्डिऑलॉजी शिकायला कोणी जात नसे. असे असूनही आज अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात जागोजागी कॅथलॅब, म्हणजे नळी घालून हृदयाच्या वाहिन्या तपासण्याच्या आणि उघडण्याच्या खोल्या, आहेत. हे कसे घडले, याचे नेहमीचे उत्तर ‘पैसा’ असे असते. माझ्या मते ते अर्धेच उत्तर आहे. उपनगरात कॅथलॅब आणली ती मुख्यतः घड्याळाने.

हृदयरोगाचा इलाज सावकाश होता तोवर लोकलचा तासाभराचा प्रवास कोणाला अडला नाही. केईएमचे डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये रक्तदाबावर शवासनाचा परिणाम तपासणारा निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या आदल्याच वर्षी त्याच रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदय प्रत्यारोपणाचा धाडसी प्रयोग केला होता. एकीकडे शवासन, दुसरीकडे प्रत्यारोपण. मधली वाट, बलूनने अरुंद रक्तवाहिनी रुंदावणाऱ्या अँजिओप्लास्टीची, अजून उघडायची होती. ती १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी उघडली. भारतात १९८६ मध्ये चेन्नईला डॉ. मॅथ्यू सॅम्युएल यांच्यापासून ती रुळू लागली. पण तेव्हाची अँजिओप्लास्टी बहुधा ठरवून, तारीख घेऊन व्हायची. ‘अटॅक’ आलेल्या माणसाला उपनगरातल्या नर्सिंग होमच्या आयसीयूत गुठळी विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज द्यायचे, तो स्थिरावला की पुढच्या तपासणीला टाउनला पाठवायचे. तज्ज्ञही तसाच वागे: सकाळी पालिकेच्या रुग्णालयात मानद, संध्याकाळी स्वतःच्या कन्सल्टिंगमध्ये.

१९९३ मध्ये अमेरिका आणि नेदरलँड्समधून आलेल्या चाचण्यांनी ही घडी मोडली. अटॅक चालू असतानाच बलूनने रक्तवाहिनी मोकळी केली, तर ती गुठळी विरघळवणाऱ्या औषधापेक्षा सरस ठरते, असे दिसले. पुढे रुग्ण दारात आल्यापासून नव्वद मिनिटांत वाहिनी उघडावी, हा दंडक झाला. पण आधी त्या दारापर्यंत पोहोचायला हवे. बोरिवली ते चर्चगेट अंतर साधारण चौतीस किलोमीटर. रात्री दोन वाजता छातीत कळ आलेल्या माणसाला लोकल मिळत नाही आणि दिवसा अकरा वाजता वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे मिळत नाही.

यावर आक्षेप येईल तो डेन्मार्कचा, आणि तो वजनदार आहे. तिथल्या २००३ च्या प्रसिद्ध अभ्यासात दीड हजारांहून अधिक रुग्ण होते, आणि दोन तासांत मोठ्या केंद्रात हलवलेल्यांना जागच्या जागी औषध दिलेल्यांपेक्षा फायदाच झाला. मग रुग्ण हलवा, कॅथलॅब कशाला हलवता? पण त्या निष्कर्षामागे सज्ज रुग्णवाहिका, ईसीजी वाचून थेट केंद्रात पाठवण्याची शिस्त आणि मोकळा रस्ता गृहीत होता. महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका सेवाच २०१४ मध्ये सुरू झाली. त्याआधीचा मुंबईकर रुग्ण रिक्षातून किंवा शेजाऱ्याच्या गाडीतून यायचा, तोही बहुधा फॅमिली डॉक्टरकडे थांबून. जे शहर माणूस वेळेत हलवू शकत नाही, त्याला यंत्रच माणसाजवळ न्यावे लागते.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो मी निम्मा मान्य करतो. कॅथलॅब उभ्या राहिल्या त्या मुख्यतः खाजगी रुग्णालयांत, विमा असलेल्या मध्यमवर्गाच्या आसपास. घाई सगळ्यांना सारखीच असली तरी ती भागवण्याची ऐपत सारखी नव्हती. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली, तेव्हा नफा किती होता तेही उघड झाले. मात्र पैसाच सूत्रधार असता, तर कॅथलॅबमधल्या तज्ज्ञांचे घर कुठे आहे याला महत्त्व आले नसते. साडेपाच वर्षे एमबीबीएस, तीन एमडी, तीन डी.एम., वर उमेदवारी. पस्तिशीला टेकलेला हा डॉक्टर मुलुंडला किंवा अंधेरीला घर घेतो, कारण मध्यरात्री फोन आल्यावर त्याने, तंत्रज्ञाने आणि परिचारिकेने अर्ध्या तासात कॅथलॅबमध्ये उभे असायला हवे. जुन्या मानद डॉक्टरची प्रतिष्ठा टाउनमधल्या पाटीवर ठरे. याचे काम घर ते कॅथलॅब या अंतराशी बांधलेले आहे. ज्याच्याकडे विमा नाही आणि सरकारी आरोग्य योजनेचे कागद हाताशी नाहीत, तो रुग्ण मात्र अजूनही उलट्या दिशेने निघतो, परळ किंवा सायनकडे, जिथे हा डॉक्टर अँजिओप्लास्टीची पहिली तार धरायला शिकलेला असतो.